उसना हिवाळा
बारामती-इंदापूरच्या बागा वर्षातून दोनदा बोडक्या का होतात?

दसऱ्याच्या आसपास बारामतीहून इंदापूरकडे निघालं की दोन्ही बाजूंना हिरवंच हिरवं असतं. पाऊस नुकताच सरलेला, ऊस डोक्याच्या वर गेलेला. रस्ता सोडून बोरी गावाकडे आत वळलं की मात्र मधूनच एखादं रान ओकंबोकं दिसतं. तारांवर काळपट काड्या ताणलेल्या, पानाचा मागमूस नाही, खाली तोडलेल्या फांद्यांचा खच. शेजारची बाग गच्च हिरवी आणि ही अशी भादरलेली. अशाच एका बागेच्या बांधावर माझ्यासोबतच्या शहरी पाहुण्यांनी कळवळून विचारलं, "बाग मोडली का हो दादा?" बागायतदार हसला. "मोडली कशाला? आत्ता तर धरली."

द्राक्षबागेच्या भाषेत बाग 'धरणं' म्हणजे पिकाची सुरुवात करणं. ती सुरुवात होते कात्रीने, तीही हिरव्यागार वेलीवर. पाहुण्यांचा गोंधळ आणखी वाढला तो पुढच्या वाक्याने. हीच वेल एप्रिलमध्येही अशीच, किंबहुना यापेक्षा क्रूरपणे, छाटली होती. म्हणजे वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच!

बागकामावरची इंग्रजी पुस्तकं तर सांगतात की झाड छाटायचं ते हिवाळ्यात, ते झोपलेलं असताना. त्यात खोटं काही नाही. पण बारामती-इंदापुरात झाडाला झोप लागेल असा हिवाळा असतोच कुठे? इथल्या शेतकऱ्याने त्यावर जो उपाय काढलाय, तो समजून घ्यायचा तर आधी खरी झोप कशी असते ते पाहू.

थंड मुलखातलं झाड झोपतं म्हणजे काय करतं?

काश्मीर-हिमाचलातलं सफरचंदाचं झाड घ्या. रात्री गारठल्या की ते आवराआवर सुरू करतं. पानांतलं कामाचं द्रव्य, विशेषतः नत्र, मागे ओढून घेतं. साखर पिष्टाच्या रूपात खोडात आणि मुळांत साठवतं. मग पानं टाकतं. दिवाळीनंतर गावी जाणारं कुटुंब धान्य कणगीत भरतं, भांडी पालथी घालतं आणि दाराला कुलूप लावतं, तसंच हे.

कुलूप शब्द मी उगाच वापरलेला नाही. कळीच्या आतल्या पेशी एकमेकींशी बारीक वाटांनी जोडलेल्या असतात. झोपेच्या काळात त्या वाटांच्या तोंडावर अक्षरशः लिंपण बसतं, त्यामुळे वाढीचा निरोप आत पोचत नाही. हे लिंपण उतरवायचं काम थंडी करते. साधारण शून्य ते सात अंशांदरम्यानच्या थंडीचे तास झाड जणू वहीत मांडत जातं. सफरचंदाच्या जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. हिशेब पुरा झाल्याशिवाय कितीही ऊन पडलं तरी कळी हलत नाही. ही सावधगिरी शहाणपणाची आहे, कारण डिसेंबरातल्या चार उबदार दिवसांना भुलून पालवी फुटली तर जानेवारीचं हिम ती जाळून टाकेल.

हिशेब पुरा झाल्यावरही झाड लगेच उठत नाही. जाग आलेली असते, पण बाहेर गारठा म्हणून अंथरूण सोडवत नाही. ऊब आली की मग उठतं. थंड प्रदेशातला माळी कात्री चालवतो ती या काळात. साठा खोडा-मुळांत सुरक्षित असतो, पानं नसल्याने फांद्यांचा सांगाडा स्वच्छ दिसतो, जखमेवर बसणारी बरीचशी बुरशी आणि कीडही गारठलेली असते. वसंतात तोच साठा उरलेल्या थोड्या कळ्यांत वाटला जातो आणि प्रत्येकीच्या वाट्याला जास्त येतं.

इथली वेल झोपतच नाही

द्राक्षवेल मूळची थंड-समशीतोष्ण मुलखातली. फ्रान्समध्ये तिला वर्षातून एक छाटणी पुरते, तीही हिवाळ्यात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहाच्या खाली घसरतो खरा, पण सकाळी नऊला घोंगडी गळून पडते. एवढ्याशा गारव्यात वेल पानं टाकत नाही. तिला मोकळी सोडली तर ती बारमाही हिरवी राहते, शेंड्याकडे पळत सुटते आणि घड मात्र जेमतेम देते. वेल मांडवभर, द्राक्षं मूठभर.

याच गोष्टीचा उलटा फायदाही आहे. जी वेल झोपत नाही, तिला कधीही कामाला लावता येतं. तामिळनाडूतल्या कंबम खोऱ्यात काही जातींची दोन वर्षांत पाच पिकं घेतल्याची नोंद आहे. आपल्याकडे तो मोह धरून चालत नाही, कारण मधे पावसाळा उभा. भर पावसात घड लटकत असतील तर केवडा आणि करपा हे रोग ते शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून महाराष्ट्राने वेगळी घडी बसवली: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळछाटणी घड बाहेर काढण्यासाठी. या दुसऱ्या छाटणीला काही भागांत गोडी छाटणीही म्हणतात.

कारभाऱ्याची सत्ता

दोन्ही छाटण्यांमागे एक समान युक्ती आहे, ती आधी पाहू. कोणत्याही फांदीच्या टोकाला शेंडा असतो आणि खाली प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा. शेंडा जिवंत आहे तोवर खालचे बहुतेक डोळे गप्प असतात. शेंडा खुडला की दोन-चार डोळे एकदम फुटतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडणाऱ्या आजीला हे कधीच ठाऊक होतं.

शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात याचा उलगडा केला तो असा: शेंडा 'ऑक्सिन' नावाचं संप्रेरक, म्हणजे निरोप नेणारं रसायन, तयार करतो. ते फांदीतून खाली उतरतं आणि डोळ्यांना दाबून ठेवतं. एकत्र कुटुंबातल्या कारभाऱ्यासारखं. तो घरात आहे तोवर धाकट्यांनी तोंड उघडायचं नाही. अनेक वर्षं एवढंच उत्तर पुरेसं मानलं गेलं. पण त्यात एक खोट होती. ऑक्सिन खाली सरकतं अगदी सावकाश, तासाला सेंटिमीटरभराच्या गतीने, आणि शेंडा कापल्यावर खूप खालचे डोळे त्याआधीच हलू लागतात. २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांनी दाखवलं की पहिला निरोप साखरेचा असतो. वाढता शेंडा पानांनी बनवलेली बरीचशी साखर स्वतःच फस्त करतो. तो उडाला की ती साखर खालच्या डोळ्यांकडे वळते आणि तिच्यानेच त्यांना जाग येते. ऑक्सिनचं कमी होणं मागाहून कामाला येतं. थोडक्यात, कारभाऱ्याचा नुसता धाक नव्हता, ताटातलं सगळं तोच ओढत होता.

एप्रिलची कात्री: घड आधी डोळ्यात बसतो

फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरला की वेलीला थोडी विश्रांती देतात. मग खरड छाटणी. नावाप्रमाणेच ती खरडून काढते. तारेवर आडव्या धरलेल्या जाड फांदीला 'ओलांडा' म्हणतात. त्यावर जेमतेम एखादा डोळा ठेवून गेल्या वर्षीची सगळी काडी उडवतात. बाहेर चाळीस अंशांचं ऊन आणि वेलीवर सावलीला एक पान नाही! पाहणाऱ्याला हा निव्वळ छळ वाटतो.

पण ऊन हवंच असतं. द्राक्षाचा घड फळछाटणीनंतर 'तयार' होत नाही, तो फक्त बाहेर येतो. तयार होतो त्याआधी कितीतरी महिने, एप्रिलनंतर फुटलेल्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात त्या डोळ्याच्या गाभ्यात उघड्या डोळ्यांना न दिसणारा एक उंचवटा उठतो. त्याचं पुढे काय होणार हे त्या क्षणी ठरलेलं नसतं. घडही होऊ शकतो, किंवा आधाराला वेटाळणारा तणावा. बागायतदार त्याला 'बाळी' म्हणतात. उंचवटा एकच, नशिबं दोन.

कौल कुठे जाणार ते ऊन, ऊब आणि काडीतला साखरेचा साठा ठरवतो. काडीला भरपूर ऊन मिळालं आणि तिची लांबण्याची घाई आवरली, तर मुळांकडून येणारी 'सायटोकायनिन' ही संप्रेरकं त्या उंचवट्याला घडाच्या वाटेला लावतात. आभाळ गच्च राहिलं, पाणी आणि नत्र सढळ दिलं, काडी सुसाट लांबत सुटली, तर लांबी वाढवणाऱ्या 'जिबरेलिन'चं राज्य येतं आणि बाळी होते. म्हणून काडीवर सहा-सात पानं झाली की शेंडा खुडतात, दाट फुटी विरळ करतात, पाण्याला हात आखडता घेतात. कारभाऱ्याला पुन्हा एकदा गप्प बसवणंच हे. खुडलेल्या जागेजवळून जी फूट निघते ती 'सबकेन', आणि तिच्या गाठीजवळचे डोळे घडासाठी भरवशाचे मानतात.

आता एप्रिल का, हे उघड होतं. छाटणी मेअखेरीस ढकलली तर हा नाजूक काळ थेट जुलैच्या ढगांखाली जातो. तेव्हा चुकलेलं ऑक्टोबरातच कळतं, डोळे फुटतात आणि घडाच्या जागी बाळ्या लोंबतात. त्याला 'घड जिरला' म्हणतात. पिकाचा निकाल असा बाजाराच्या आठ-नऊ महिने आधी लागलेला असतो. छाटणीच्या सगळ्या शास्त्रात मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

ऑक्टोबरची कात्री: उसनी झोप, उसनी जाग

पावसाळाभर काडी पिकते, हिरवीची तपकिरी होते, आणि तिच्यात पिष्ट साठतं. सफरचंद पानं टाकण्याआधी जे करतं तेच हे, फक्त थंडीशिवाय. फळछाटणीआधी काही बागायतदार नमुन्याच्या काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे चिरून पाहतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या क्रमांकाच्या डोळ्यात घड बसलाय ते दिसतं आणि कात्री त्याच्या पुढे चालवायची हे ठरतं. डोळा तपासणीविना छाटणं म्हणजे पाकीट न उघडता पत्राचं उत्तर लिहिणं.

मग पानगळ. हाताने पानं ओरबाडतात किंवा इथेफॉन फवारतात. इथेफॉन झाडात शिरून इथिलीन वायू सोडतं. आढीतला आंबा पिकवतो तोच हा वायू. पानाच्या देठाशी तो पेशींचा सांधा सैल करतो आणि पान गळतं. वेलीला वाटतं, थंडी आली, झोपायची वेळ झाली.

पण झोपवून भागत नाही, उठवायलाही हवं, आणि तेही सगळ्या डोळ्यांना एकदम. थंडीचे तास इथे मिळणार नाहीत. नुसती काडी कापली तर टोकाचा एखाद-दुसरा डोळा फुटतो आणि नवा कारभारी होऊन बसतो, बाकीचे मागे राहतात. त्यावरचा उपाय म्हणजे 'पेस्टिंग'. छाटणी झाल्यावर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण स्पंजाच्या किंवा कापडाच्या बोळ्याने, फुटायला हव्यात तेवढ्याच डोळ्यांना लावतात. पेशीत तयार होणारा हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करणारं एक विकर, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन, हे रसायन बंद पाडतं असं मानतात. पेरॉक्साइड साठतो, डोळ्याला घाव बसल्यासारखा झटका बसतो आणि तो दचकून जागा होतो. हजार तासांच्या थंडीऐवजी एक चिमटा! आठ-दहा दिवसांत डोळे कापसावर येतात, म्हणजे फुगून कापसासारखे दिसतात, आणि पोंगा, म्हणजे कोवळी फूट, दिसू लागतो.

इथे एक सूचना ठळक करायला हवी. हे द्रावण कातडी जाळतं, म्हणून हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. शिवाय ते मद्य पचवणाऱ्या विकरालाही अडवतं. पेस्टिंगच्या आदल्या दिवशी किंवा नंतरच्या काही दिवसांत दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. मजुरांच्या टोळीतल्या प्रत्येकाला हे कामाआधी सांगितलंच पाहिजे.

छाटणीपासून माल उतरायला साधारण चार-सव्वाचार महिने लागतात. तारीख निवडणं मग जुगारच. ऑगस्ट-सप्टेंबरात छाटली तर लवकर माल, चढा भाव, पण परतीच्या पावसात कोवळा घड कुजायची धास्ती. नोव्हेंबरपर्यंत थांबलं तर पाऊस टळतो, पण गार रात्रींत फूट मागेपुढे होते. बोरीसारख्या गावात शेजारी-शेजारी बागा वेगवेगळ्या अवस्थेत दिसतात त्याचं कारण हेच. पाहुण्यांना जी एक बाग बोडकी आणि दुसरी हिरवी दिसली, ते दोन शेतकऱ्यांनी आभाळावर लावलेले दोन वेगळे डाव होते.

डाळिंबाला कात्री कमी, ताण जास्त

निमगाव केतकीच्या बाजूला हलक्या, मुरमाड रानांत डाळिंबं आहेत. तिथे हिवाळा उसना आणायचं मुख्य हत्यार पाणी आहे, किंवा खरं तर पाण्याचा अभाव. बहर धरायच्या आधी महिना-दीड महिना पाणी तोडतात. याला 'ताण देणं' म्हणतात.

ताणाने फुलं का येतात? पाणी कमी पडू लागलं की झाड नवी पालवी आधी थांबवतं. पानांचं अन्न बनवणं मात्र त्यानंतरही काही दिवस चालू असतं. खर्च आधी थांबला, कमाई चालूच, म्हणजे शिल्लक वाढते. ती साखर फांद्यांत साठते आणि तिच्या जोरावर कळ्या फुलाकडे वळतात. मुरमाड जमिनीत ताण चटकन बसतो, काळ्या भारी रानात ओल आत दडून राहते आणि शेतकरी महिनोन्महिने वाट पाहतो. डाळिंब माळरानावर का चांगलं येतं याचं निम्मं उत्तर इथे आहे. पानं पिवळसर पडली की इथेफॉनने पानगळ, शेंड्याकडची हलकी छाटणी, मग खत आणि पाणी. झाड उठतं ते फुलं घेऊनच.

बहरांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. मृग आणि हस्त ही पावसाची नक्षत्रं, तर आंबे बहर आंब्याच्या मोहराच्या दिवसांतला, जानेवारी-फेब्रुवारीतला. युरोपातल्या झाडाला थंडी उठवते, इथल्याला नक्षत्र आणि पाटाचं पाणी. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर इथल्या झाडाचा वसंत ठरतो, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

जखम भरत नाही, ती झाकली जाते

आपलं बोट कापलं तर नवी कातडी येते. झाडाचं तसं नाही. कापलेल्या जागेमागच्या पेशी रसायनांच्या भिंती उभ्या करून सडका भाग आतच कोंडतात, आणि बाहेरून साल त्यावर हळूहळू चढते. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात हे नीट मांडलं. म्हणून मोठी फांदी कापताना खोडालगत जी फुगीर कडा असते ती राखायची. ती साल चढवणारी गवंडी आहे. तीच तासली तर भिंत कोण बांधणार?

द्राक्षवेल यात कच्ची. तिची काडी कापलेल्या टोकापासून आतल्या बाजूला वाळत जाते. म्हणून डोळ्याला अगदी चिकटून न कापता थोडी जागा सोडतात. वेल जोमात असेल तर कापलेल्या टोकातून पाणी ठिबकतं. ते पाणी मुळांच्या दाबाने वर चढलेलं असतं, त्याने वेल मरत नाही.

डाळिंबात जखमेचं दुखणं वेगळं. तेलकट डागाचा जीवाणू कात्रीवरून झाडाझाडाला फिरतो. रोगट झाड छाटून तीच कात्री पुढच्याला लावणं म्हणजे एकाच सुईने साऱ्या गावाला टोचणं. प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडवायची आणि मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण १८८०च्या दशकात फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षांच्या केवड्यासाठी पुढे आलं. नाव अजून त्याच गावाचं चालतं.

चौकट: घरच्या अंगणात

गुलाब: पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. मेलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी काढा, मग बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप द्या. साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

मोगरा: डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा, छाटा, मग खत-पाणी द्या. वसंतात कळ्या येतील. डाळिंबाचाच हा धडा.

पेरू: नव्या फुटीवर फळ धरतो, म्हणून शेंडे छाटले की फळाच्या जागा वाढतात.

कात्री: धारदार आणि स्वच्छ. चिरडलेली जखम कापलेल्या जखमेपेक्षा वाईट.

आणि आंबा?

इतकं वाचून कुणाला परसातल्या आंब्याला थंडीत कात्री लावायची हौस आली असेल, तर जरा थांबा. आंब्याचा मोहर फांदीच्या शेंड्यावरच येतो आणि आपल्याकडे तो हिवाळ्यातच फुटतो. इतर झाडांची हिवाळी छाटणी म्हणजे झोपलेल्याचे केस कापणं, पण आंब्याची हिवाळी छाटणी म्हणजे मोहरच कापणं. त्याला छाटायचं असेल तर ते फळं उतरल्यावर, पाऊस सुरू होता होता. नव्या पालवीला पिकायला मग पुरे पाच-सहा महिने मिळतात.